टाकी भरून परत केलेली गाडी

"बघा वहिनी, माझ्याकडे कुणाचं काही नाही."

असं म्हणून भावोजी दोन्ही हात पुढे करायचे. तळवे वर, बोटं पसरलेली. हात धुऊन आलेलं पोर आईला दाखवतं ना, तसे. माझ्या दुकानाच्या फळीसमोर उभं राहून दिवसातून एकदा तरी हा कार्यक्रम व्हायचाच. गिऱ्हाईक मिरच्या तोलून घेत असायचं, डंक धाडधाड चाललेला असायचा, आणि हे मध्येच हात दाखवून निघून जायचे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, माणूस भविष्य विचारायला आलाय.

लालबागला माझा मसाला कुटायचा डंक आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे बालमित्र, आमच्याच चाळीत समोरच्या खोलीत राहायचे. सख्खे दीर नव्हेत, पण चाळीत असले हिशेब कोण बघतंय. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. हे स्वतः परळच्या एका ऑफिसात साहेबाची गाडी चालवायचे. उंच, किडकिडीत, मे महिन्यातसुद्धा शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली. बोलणं कमी आणि तेही आपल्याशीच बोलल्यासारखं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. उसनी आणलेली वस्तू परत करेपर्यंत ज्याला घास गोड लागत नाही. असेल तर मी काय सांगते ते तुम्हाला लगेच कळेल. अशा माणसावर जीव असतो आणि त्याचा रागही येतो. मला तर मनापासून यायचा.

एकदा माझी शिडी नेली पंखा पुसायला. संध्याकाळी परत आली ती धुतलेली, आणि तिचा जो पाय वर्षभर डुगडुगत होता त्याला नवा नटबोल्ट. छत्री नेली तर सुटलेली काडी शिवून आणली. पेपर वाचायला नेला, तर घडी घालून परत, वर दोन केळी. मी म्हटलं, अहो भावोजी, पेपर आहे तो, रद्दीत जाणारे. तर म्हणाले, नेताना तुमचा होता ना, मग झालं.

आणि तो डबा. स्टीलचा, मध्यम, झाकणाला एक पोचा पडलेला. मी त्यातून त्यांना मसाला दिला, की तो घावणे घेऊन परत यायचा. आता भरलेला डबा आला म्हटल्यावर मी तरी रिकामा कसा पाठवणार? मग माझ्याकडून लाडू. तिकडून कोकमाची सोलं. माझ्याकडून चिवडा, तिकडून सुक्या बांगड्याची चटणी. असा तो डबा वर्षानुवर्षं समोरासमोरच्या दोन दारांत फिरत राहिला. त्यावर कुणाचं तरी नाव घातलेलं होतं, ते घासून घासून पार पुसलं गेलं. मूळ डबा त्यांचा का आमचा, हे माझ्या सासूबाईंनाही शेवटी सांगता आलं नव्हतं.

साहेबाचं ऑफिस दुसऱ्या शहरात गेलं आणि भावोजींची नोकरी गेली. तेव्हा सगळेच मोबाइलवरच्या भाड्याला गाड्या लावत होते. यांनीही एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून पांढरी गाडी घेतली. कंपनीला जामीन हवा होता, दुकानाचं लायसन असलेला. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच हात पुढे नव्हते, मागे बांधलेले होते. विचारायला इतका वेळ लावला की मीच म्हटलं, कुठे करायची सही ते सांगा आणि वाट मोकळी करा, गिऱ्हाईक खोळंबलंय. कंपनीचा माणूस म्हणाला, नुसती फॉर्मॅलिटी आहे मॅडम. मिरचीने लाल झालेला माझा अंगठा त्या कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. दुसऱ्या दिवशी डबा पेढ्यांनी भरून आला.

गाडी त्यांनी पोटच्या पोरीसारखी ठेवली. दोन वर्षं हप्ते वेळेवर गेले. मग भाडी उतरली, मोबाइलवाल्या कंपनीची कापाकापी वाढली, आणि त्यात भावोजींची पाठ गेली. परळच्या हॉस्पिटलात मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं. गाडी चाळीखाली उभी आणि हे वर खाटेवर आडवे. हप्ते थकत गेले.

मग वसुलीची माणसं यायला लागली. दोघं होते, शिव्या नाही दिल्या की आवाज नाही चढवला. फक्त जिन्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला यांचं नाव सांगून खोली विचारायचे. बास, एवढं पुरलं. ज्या माणसाने जन्मात कुणाची पेन्सिल ठेवून घेतली नाही, त्याचं नाव चाळभर असं फिरलं. भावोजींनी खिडकीत उभं राहणं सोडलं.

एक दिवस मला म्हणाले, गाडी परत देऊन टाकतो. मी म्हटलं, द्या, पण आधी त्यांच्याकडून लिहून घ्या, दिल्यावर किती राहतं, काय राहतं. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी घाण बोलले.

"वहिनी, वस्तू त्यांची. त्यांना परत दिली, की मग माझ्याकडे काय रवला?"

मी समजावलं, ओरडले, त्यांच्या बायकोला मध्ये घातलं. जाऊबाई म्हणते मी तिला. तिनेही सांगून बघितलं. पण यांच्या डोक्यात शिडी, छत्री, डबा आणि गाडी सगळं एकाच फळीवर मांडलेलं. नेली, वापरली, परत दिली, संपलं.

आणि परत कशी दिली ते ऐका. माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते. रविवारी सकाळी पाठीला पट्टा बांधून खाली उतरले आणि गाडी स्वतः धुतली. आदल्या आठवड्यात जाऊबाईच्या भिशीचे पैसे आले होते. मला वाटलं, त्यातून एखादा हप्ता जाईल, थोडी मुदत मिळेल. तर या माणसाने त्यात चार नवे टायर घातले. गॅसची टाकी भरली, वर पेट्रोलचीही भरली. डॅशबोर्डवर नारळ आणि पेढ्यांचा पुडा ठेवला. वसुलीची ती दोन माणसं आली, त्यांनाच कळेना कुठे आलोय ते. एकाने तर किल्ली घेताना वाकून नमस्कार केला. सांगितलं तिथे भावोजींनी सह्या केल्या. कशावर केल्या ते वाचलं नाही, प्रत मागितली नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तसे जिना चढून माझ्या दारात आले आणि दोन्ही हात पुढे केले.

"सुटलो, वहिनी."

मी म्हटलं, टायरच्या पैशांत हप्ता गेला असता. तर म्हणाले, झिजलेल्या टायरवर कुणी कुणाची गाडी परत देतं का? मी कपाळावर हात मारून घेतला.

थोड्या दिवसांनी नोटीस आली, त्यांना एक, जामीन म्हणून मला एक. गाडी विकायला काढतोय, मुदतीत पैसे भरले तर परत नेता येईल, चांगला खरेदीदार असेल तर घेऊन या. मी वाचून उडालेच. कारण खरेदीदार होता. डिलाईल रोडला राहणारा यांच्याच ओळखीचा एक ड्रायव्हर ती गाडी चांगल्या किमतीला घ्यायला एका पायावर तयार होता. गाडी कशी ठेवलीय ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. मी नोटीस घेऊन समोर गेले. भावोजी जेवत होते. त्यांनी शांतपणे ताक संपवलं आणि सांगितलं, परत दिलेल्या वस्तूत आपण पुन्हा नाक खुपसू नये. त्यांची गाडी, ते कुणालाही विकोत. मी त्या ड्रायव्हरला परस्पर पाठवायचं म्हटलं तर हात जोडले. म्हणाले, माझी शोभा करू नका. मी घरी येऊन भांडी आपटली.

गाडी कितीतरी दिवस कुठल्याशा यार्डात उन्हात पडून राहिली आणि शेवटी मातीमोल भावात गेली. मग दुसरी नोटीस आली. ती त्यांनी माझ्या दुकानातच उघडली. मुद्दल, व्याज, दंड, गाडी ओढून न्यायचा खर्च, यार्डाचं भाडं. त्यातून विक्रीचे पैसे वजा. उरलेले इतके इतके भरा. ओढून न्यायचा खर्च, बरं का. पेढे देऊन पाठवलेल्या गाडीचा.

भावोजी कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. डंक बंद होता, तरी हवेत मिरची होती, मला वाटलं, त्यानेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. "गाडी दिली, तरी?" एवढंच म्हणाले. मग कागद उलटला. खाली जामीनदार म्हणून माझं नाव होतं, दुकानाच्या पत्त्यासकट. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते बोट तिथून हलेचना. मी म्हटलं, अहो असू दे, बघू आपण. पण त्यांना ऐकू गेलं नाही.

दोघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. परळला गिरणीच्या जागेवर काचेची इमारत आहे, तिथे. त्यांच्या वडिलांची गिरणी तीच की शेजारची, ते मी विचारलं नाही. टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती, वागायला चांगली. भावोजींनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, पेढ्यांसकट. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"काका, आम्ही तुम्हाला गाडी दिलीच नव्हती," ती म्हणाली. "आम्ही पैसे दिले होते. गाडी विकून त्यातले थोडे परत आले. बाकीचे यायचे आहेत."

मी जन्मभर दुकान चालवलं, पण इतकं सरळ मलाही कुणी सांगितलं नव्हतं. भावोजींनी सह्या केलेला कागद तिने काढून दाखवला. गाडी स्वखुशीने देत आहे, विक्रीनंतर कमी पडेल ती रक्कम भरीन. खाली यांची सही, वळणदार. मग तिने असंही सांगितलं की जास्त पैसे आले असते तर ते तुम्हालाच परत दिले असते. आणि माझ्या शेजारी बसलेला हा देवमाणूस मान डोलवून मला म्हणतो, "बघा, ते पण कुणाचं ठेवत नाहीत." मला त्या काचेच्या इमारतीतून खाली उडी मारावीशी वाटली.

फक्त एकदा त्यांनी विचारलं, चार टायर नवे होते, ते कुठे धरले? मुलीने कॉम्प्युटरवर वर-खाली बघितलं. म्हणाली, त्याला वेगळं खातं नाही काका. भावोजींनी मान हलवली.

मग मी बोलले. किती दिवसांचं यार्डाचं भाडं, कुणाला विचारून, इतके दिवस गाडी विकली का नाही, आणि चालवत नेलेल्या गाडीला ओढायचा खर्च कसला, तपशील द्या म्हटलं, लेखी. तीन खेपा घालायला लावल्या, पण तपशील आला. ओढायचा खर्च त्यांनी काढला, दंडातला बराचसा सोडला, बाकीचे हप्ते बांधून दिले. मी मनात म्हटलं, हेच आधी केलं असतं, तो डिलाईल रोडचा माणूस आणला असता, तर आज फेडायला काही उरलं नसतं. मनात कसलं, बसस्टॉपवर तोंडाने बोलूनही टाकलं. भावोजी ऐकत उभे होते. बस आली तेव्हा म्हणाले, तुमचं नाव त्या कागदावरून काढायला सांगायचं राहिलं. मी म्हटलं, सांगितलं मी, पूर्ण फिटेपर्यंत निघत नाही.

त्या दिवसापासून हात दाखवणं बंद झालं. मला वाटलं होतं एक कटकट जाईल. तर दुपारी डंक थांबला की मी उगाच रस्त्याकडे बघत बसायची. पाठीला पट्टा बांधून त्यांनी एका शाळेची व्हॅन धरली. डॉक्टरांनी नको सांगितलंय म्हटलं तर म्हणाले, हळू चालवतो. दुकानावरून जायच्या ऐवजी मागच्या गल्लीने जायला लागले. डबा येत राहिला, पण जाऊबाई आणून द्यायची. हप्ता भरला की पावती मात्र माझ्या फळीवर वजनाखाली ठेवलेली सापडायची. कधी ठेवून जायचे कळायचं नाही. मला इतका राग यायचा. माझे पैसे नव्हते हो ते. मी कधी मागितले होते? त्या माणसाला मी एकदा भर जिन्यात अडवून सांगितलं, कंपनीचं देणं आहे तुमचं, माझं नाही, माझ्यापासून तोंड कशाला लपवता? ते म्हणाले, नुसतं कंपनीचं असतं तर झोप लागली असती.

मध्ये एकदा त्यांना ती गाडी दिसली. हॉस्पिटलबाहेर उभी होती. नंबर ओळखीचा, म्हणून हे व्हॅन लावून जवळ गेले. ही हकिगत त्यांनी स्वतः मला सांगितली, म्हणजे बघा किती लागलं असेल. खाली वाकून टायर बघितले. गुळगुळीत झालेले, जुनेपाने. यार्डात कुणी बदलले की पुढच्याने विकले, देव जाणे. नवा ड्रायव्हर आला तर त्याच्याशी भांडले का? नाही. त्याला सांगितलं, मागचं डावं दार जरा उचलून लावा, नाहीतर पावसात पाणी शिरतं.

"माझे टायर नव्हते ते, वहिनी," मला म्हणाले. मग बराच वेळ फळीवरच्या धण्यांत बोट फिरवत राहिले.

शेवटचा हप्ता गेला. आता काही येणं नाही असा कंपनीचा कागद घेऊन ते समोरच्या रस्त्याने, भर दुपारी, दुकानावर आले. कागद फळीवर पसरला, माझं नाव जिथे होतं त्याच्यावर बोट ठेवून दाखवलं की सुटलं. पण तोंड माझं ते माझंच. म्हटलं, आता दाखवा बघू हात. त्यांनी हात पुढे केले. पण पूर्वीसारखे नाही, जरा घाबरत, कुणी त्यात काही ठेवेल की काय असे. आणि विचारलं, "डबा कुणाकडे आहे सध्या?"

मी म्हटलं, माझ्याकडे, कालच कुळथाची पिठी आली त्यातून. ते "बरं" म्हणाले आणि हसले. इतक्या दिवसांनी हसले.

पावसाच्या तोंडावर भावोजी आणि जाऊबाई गावाला गेली. पाठ फार दुखते, जरा आराम करतो म्हणाले. मसाल्याचा हंगाम संपत आला होता, गर्दी होती, मी दुकानातूनच हात केला. म्हटलं डबा गणपतीला आलात की देते. गणपतीच्या आधीच गावाहून फोन आला. झोपेतच गेले.

जाऊबाई खोली पुतण्याला द्यायला म्हणून नंतर आली. दोन दिवस राहिली, भांडीकुंडी बांधली. मी डबा घासून पुसून लख्ख केला आणि ताजा मालवणी मसाला वरपर्यंत भरला. तिच्यासमोर नेऊन ठेवला. म्हटलं, हा राहिला होता. तिने बघितला, झाकणाच्या पोच्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"ह्येंनीच सांगल्यानी," ती म्हणाली. "गावाक विचारलंय मी, डबो रवलो तिकडे. तर म्हणाले, रवांदे. आपला पण कोणाकडे कायतरी रवांदे."

राहू दे म्हणे, आपलंही कुणाकडे काहीतरी राहू दे. रिक्षात सामान चढवलं, ती गेली. मी डबा घेऊन जिन्यात उभी राहिले आणि मला त्यांचा भयंकर राग आला. जन्मभर मला एक वाटी साखर ठेवून घेऊ दिली नाही, आणि आता हे.

डबा दुकानात माझ्या डोक्यावरच्या फळीवर आहे. दर मे महिन्यात जुना मसाला काढून नवा भरते. गिऱ्हाईक विचारतं, तो वरचा कितीला? मी सांगते, तो विकायचा नाही, दुसऱ्यांचा आहे.